शेरलॉकला ना हरकत दाखला

फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या, जगात अखेर शिस्त आली, हे पाहून आमच्यासारख्या पोथीनिष्ठांचा ऊर भरून येतो. काय अनागोंदी होती एकेकाळी! २०१२-१३ च्या सुमारास टम्बलर या संकेतस्थळावर डोकावावं, तर अमेरिकेतले विंचेस्टर बंधू आपली काळी इम्पाला घेऊन थेट लंडनच्या बेकर स्ट्रीटवर हजर. भुतं आत येऊ नयेत म्हणून ते २२१बीच्या उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढताहेत आणि शेरलॉक त्यातला एक खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या दुकानातला, हे सांगतोय. तेवढ्यात डॉक्टरची निळी पोलीसपेटी घरघरत फुटपाथवर उतरते. 'सुपरनॅचरल', 'डॉक्टर हू' आणि 'शेरलॉक' या तीन मालिकांची ही मोट, तिचं नाव 'सुपरहूलॉक'. तिन्हींत साम्य काय म्हणाल, तर 'सुपरनॅचरल'मधला कॅस्टिएल, दहावा डॉक्टर आणि शेरलॉक यांचे कोट लांब! एवढ्याशा भांडवलावर पोरापोरींनी ढिगाने जिफ बनवली. या मालिकेतल्या प्रश्नाला त्या मालिकेतला माणूस उत्तर देई आणि ते चपखल बसे, हा त्यातला सर्वांत मोठा आगाऊपणा. 'डॉक्टर हू' आणि 'शेरलॉक' या दोन्ही मालिकांची सूत्रं तेव्हा स्टीव्हन मोफॅटकडे होती. त्याने स्वतः ही भेट कधी घडवली नाही, पण त्याला विचारलं होतं कोणी?

आता सगळं मार्गी लागलं आहे. 'सुपरहूलॉक' म्हटलं की तीच मंडळी 'क्रिंज' म्हणून कानावर हात ठेवतात. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या स्वयंसेवकांनी चालवलेल्या, २०१९ चा ह्यूगो पुरस्कार मिळवलेल्या फॅनफिक्शनच्या कोठारात तर क्रॉसओव्हर, म्हणजे अशा सरमिसळीच्या कथा, वगळण्याची चाळणीच आहे. एक खूण केली की परक्या विश्वातला माणूस तुमच्या पंक्तीला बसत नाही. सोवळं पाळण्याची एवढी सोय आमच्या आजीलाही नव्हती. आणि वाचकाचंही बरोबरच आहे. एक मालिका या ॲपवर, दुसरी त्या ॲपवर. जी कथा कळायला दोन वर्गण्या भराव्या लागतात, ती फुकट असली तरी महागच.

भेटीगाठी अगदीच बंद झाल्या असं नाही. मारामारीसाठी भेटायला परवानगी आहे. 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू आणि सुपरमॅन समोरासमोर आले, तर पूर्वी एखादी भाबडी लेखिका दोघांना कॅन्ससच्या शेतावर जेवायला बसवायची. सुपरमॅनच्या आईने, मार्था केंटने, आठवडाभरासाठी रांधून ठेवलेलं गोकू एका बैठकीत संपवणार आणि तिचा लेक क्लार्क संकोचाने चष्मा पुसत बसणार. असल्या कथेतून सिद्ध काय होतं? म्हणून आता 'पॉवर स्केलिंग'. कोण शहर फोडू शकतो, कोण ग्रह, कोण अख्खं विश्व, याच्या पातळ्या ठरल्या आहेत. कॉमिकमधल्या एका चौकटीतला खड्डा मोजून ठोशाची ताकद ज्यूलमध्ये काढतात. चड्डी बाहेरून घालून उडणाऱ्या माणसाबद्दल इतकं काटेकोर गणित आम्ही शाळेतही पाहिलं नव्हतं. तिथे कोणी चुकूनही हसत नाही, हे विशेष.

हसण्याचं काम आता अधिकृतपणे होतं. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मिकी माऊस आणि बग्ज बनी एकत्र आले, तेव्हा दोघांना पडद्यावर सारखाच वेळ मिळेल अशी अट होती म्हणे. हा खरा कलेचा पाया! फॉक्सकडे चित्रपटांचे हक्क असलेल्या डेडपूलला मार्व्हलच्या मुख्य चित्रविश्वात यायचं, तर डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा हिस्सा सुमारे ७१ अब्ज डॉलरला विकत घेतला, तेव्हा कुठे २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वूल्व्हरिन' आला. विंचेस्टर बंधूंना लंडनला न्यायला एका पोरीला लागली एक जागरणाची रात्र आणि फुकटात मिळवलेलं फोटोशॉप. यातली प्रतिभा कुठली, हे ताळेबंद वाचता येणाऱ्याला सांगायला नको. (आपल्या मराठी वाहिन्यांवरही दोन मालिकांचा 'महासंगम' होतोच. पण तिथे दोन्ही घरच्या सासवा एकाच मालकाच्या असतात, त्यामुळे वाद फक्त पडद्यावर.)

सर्वांत नीटनेटकी सोय 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये आहे. २०१८ मध्ये तिथे मार्व्हलचा खलनायक थॅनोस आला, २०२१ च्या डिसेंबरात स्पायडरमॅन, २०२२ मध्ये गोकू. व्ही-बक्स हे खेळातलं चलन मोजलं की पात्र तुमच्या अंगावर. गोकू आणि स्पायडरमॅन शेजारी शेजारी उभे राहून एकच नाच करतात, पायाला पाय जुळवून. एकमेकांना काय म्हणतात? काहीच नाही. बोलण्याचे व्ही-बक्स वेगळे पडले असते.