पायथनपंत

हार्टफर्ड हे गाव दोन धंद्यांवर मोठं झालं : विमा आणि रिव्हॉल्व्हर. मरणाची सोय आणि त्याची भरपाई, दोन्ही एकाच नदीकाठी. विमा कंपन्यांना संगणकवाले लागतात, म्हणून आम्ही मराठी मंडळी इथे कनेटिकटमध्ये येऊन पडलो. रिव्हॉल्व्हरच्या धंद्याशी आमचा संबंध एवढाच, की हायवेवरून जाताना एक निळा, सोनेरी चांदण्यांचा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो आणि भारतातून आलेले आईवडील विचारतात, "हे कुठलं देऊळ रे?" तो सॅम्युअल कोल्टचा जुना कारखाना. आणि त्याचा शेवटचा भाविक आमच्या समोरच्या घरात राहतो.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. आमच्यात त्यांना पायथनपंत म्हणतात. गल्लीतल्या निम्म्या मराठी घरांची चूल पायथनवर पेटते, पण ते संगणकाचं. पंतांचं पायथन म्हणजे कोल्ट कंपनीचं 1955 सालचं .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर.

पंत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रुंद टोपी, बूट आणि दरारा आला असेल, तर तो पुसून टाका. पंत आयुष्यभर एका विमा कंपनीत आगीचे दावे तपासत होते. कुणाचं स्वयंपाकघर जळालं की ते वही घेऊन जायचे आणि जळालेला टोस्टर किती वर्षं जुना होता ते विचारायचे. शिकार केलेली नाही. आवारात हरणं येऊन ट्यूलिप खातात, तर पंत खिडकीतून टाळ्या वाजवतात. त्यांच्या तिजोरीत 1970च्या दशकात घेतलेलं, सहा इंची नळीचं, रॉयल ब्लू पायथन आहे. वर्षातून एकदा ते नेमबाजीच्या क्लबात नेतात आणि त्यातून .38ची मवाळ काडतुसं उडवतात. मॅग्नम नाही. मॅग्नमने झीज होते.

तर अशा या माणसाची जवळजवळ पंधरा वर्षं एकच मागणी होती : कोल्टने पायथन परत काढावं.

कंपनीला पत्रं जायची. टाइप केलेली, खाली शाईने सही. एक मसुदा त्यांनी मला वाचायला दिला होता. त्यात कंपनीचा इतिहास कंपनीलाच सांगितला होता. 1836चं पेटंट, न्यू जर्सीतला बुडालेला पहिला कारखाना, मग 1847 मध्ये टेक्सासच्या कॅप्टन वॉकरमुळे आलेली हजार नगांची सरकारी मागणी आणि त्यातून उभा राहिलेला दुसरा जन्म. "कोल्टचा स्वभावच मेल्यावर उठण्याचा आहे," असं वाक्य होतं. त्यानंतर पंतांचा हुकमी एक्का यायचा. 1873चं सिंगल ॲक्शन आर्मी, सिनेमातल्या प्रत्येक काउबॉयच्या कमरेला असतं ते, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद झालं होतं. 1950च्या दशकात टीव्हीवर काउबॉयच्या मालिका सुरू झाल्या, लोक मागायला लागले, आणि कोल्टने ते दशक अर्धं सरता सरता पुन्हा काढलं. "एकदा केलंत, मग आता काय झालं?" मुद्दा बिनतोड होता. कंपनीचं उत्तर यायचं : आपल्या आस्थेबद्दल आभार. सोबत टोपीची जाहिरात.

आमच्याकडच्या दिवाळीलाही पंत येतात. चकलीचा तुकडा मोडतात, त्याची कड बघतात, आणि विषय काढतात. एका वर्षी माझ्या सासूबाईंना त्यांनी पाऊण तास सांगितलं की कोल्टच्या विधवा पत्नीने, एलिझाबेथबाईंनी, 1860च्या दशकात इथे चर्च बांधलं आणि कारागिरांसाठीच्या त्याच्या दरवाजावर दगडात रिव्हॉल्व्हरचे भाग कोरून घेतले. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच. त्या मान हलवत राहिल्या. पंत जाताना मला म्हणाले, "तुझ्या घरात विषय समजणारं एक माणूस आहे."

पायथन बंद का पडलं, याचं पंतांकडचं उत्तर एका शब्दाचं : हिशोबनीस. सबंध आयुष्य टोस्टरचा घसारा काढण्यात गेलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याने चहाचा कप तोंडाशी धरून ठेवावा. खरी गोष्ट लांबलचक आणि निम्मी कारखान्याची आहे. जुन्या पायथनच्या पोटातले भाग कारागीर कानशीने घासून एकेका नगाला बसवायचा. बाहेरचं पोलाद क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिशने आरशासारखं होईपर्यंत घासायचं आणि मग त्यावर निळाई चढवायची. असा हात तयार व्हायला वर्षं लागतात. 1986 मध्ये कारखान्यात संप झाला, तो चार वर्षं चालला. त्यात 1988 साली एम-16 रायफलींचं सरकारी कंत्राट बेल्जियन कंपनीकडे गेलं. त्याच दशकात पोलिसांनी सहा गोळ्यांचं चक्र सोडून सतरा गोळ्यांचं पिस्तूल धरायला सुरुवात केली. 1999 मध्ये कोल्टने जवळजवळ सगळी डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं बंद केली. पायथन थोडी वर्षं खास मागणीवर निघत राहिलं आणि तेही थांबलं.

या प्रकरणात पंतांच्या घरातला दुसरा पक्षही सांगितला पाहिजे. पंतांच्या पत्नी, आमच्या काकू, शाळेत शिक्षिका होत्या. संप मिटल्यावर 1990 मध्ये कोल्टची नवी मालकी उभी राहिली, तेव्हा कनेटिकटच्या सरकारी पेन्शनच्या पैशातून अडीच कोटी डॉलर त्यात घातले गेले. 1992 मध्ये कंपनी दिवाळखोरीत. काकू विणकामातून मान वर न करता म्हणतात, "या घरात बंदुकीच्या धंद्यात पैसे घातलेली मी एकटीच आहे. ह्यांनी फक्त तिकिटं घातली."

पंतांच्या पत्रात किमतीचंही कलम असे. "रास्त किंमत" असं मोघम. मी एकदा हिशोब करून दाखवला. 1955 मध्ये पायथन सव्वाशे डॉलरला मिळायचं. महागाई लावली तर 2020चे सुमारे बाराशे होतात. पण ही झाली लोणी-पावाची महागाई. जो माणूस कानस घेऊन बसणार, त्याचा आजचा पगार आणि आरोग्यविमा त्यात धरलाच नाही. पंतांनी कागद घेतला, चष्मा वर केला, आणि माझ्या भागाकारात दशांशचिन्हानंतरची चूक काढली. मूळ मुद्द्याला हात लावला नाही. दावे तपासण्यातलं कौशल्य म्हणतात ते हेच असावं.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. पायथन बंद होतं, म्हणूनच पंतांच्या तिजोरीतल्या पायथनला भाव होता. झाँबींच्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत 2010 पासून नायकाच्या हातात पायथन दिसायला लागलं, आणि ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती तेही लिलावात बोली लावायला लागले. चांगल्या स्थितीतला जुना नग तीन हजारांवर जाऊ लागला. पंत दर शुक्रवारी संध्याकाळी लिलावाचे भाव पाहत. म्हणजे सकाळी कंपनीला "परत काढा" म्हणून पत्र, आणि संध्याकाळी अजून काढलेलं नाही याचं समाधान. या दोन्ही गोष्टी ते पूर्ण प्रामाणिकपणे करत. दांभिक माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं. पंतांना कळत नव्हतं.

न्यूटाऊन आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. 2012च्या डिसेंबरात तिथल्या शाळेत जो गोळीबार झाला, त्यानंतर कित्येक महिने पंतांचं पत्र गेलं नाही आणि शुक्रवारचा भावही पाहिला गेला नाही. त्याबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. काकू मात्र त्या हिवाळ्यात निवृत्त झालेल्या असूनही रोज सकाळी शाळेच्या वेळेला उठून तयार होऊन बसत. पंतांची चेष्टा करायची तर हेही सांगितलं पाहिजे.

आणि मग 2020च्या जानेवारीत कोल्टने पायथन परत काढलं.

योगायोग असा, की त्याच महिन्यात पुण्यात बजाजने चेतक परत आणली, विजेवर चालणारी. माझे काका फोनवर ओरडत होते, "किक नाही, गिअर नाही, तिरकी करावी लागत नाही, ही कसली चेतक?" एका कानाला काका आणि समोर पंत. दोघांचा सूर एकच होता, फक्त पंतांची वाक्यं जास्त सभ्य होती.

पंतांचं पहिलं म्हणणं : हे स्टेनलेस स्टीलचं आहे, निळं नाही. पांढऱ्या घोड्याला झेब्रा म्हणा, असं काहीतरी ते पुटपुटले. कंपनीने सांगितलं की नव्या पायथनमध्ये चौदा भाग कमी केलेत, पोलाद अधिक मजबूत आहे, मागच्या माशीखाली धातू वाढवलाय. पंत म्हणाले, "कमी केलेले चौदा भाग कुठे गेले?" जणू ते कुणाच्या तरी बेवारस मालमत्तेत निघणार होते. मग चाप. जुन्या कोल्टचा चाप ओढताना शेवटी शेवटी जड होत जातो. नेमबाज मंडळी याला दोषच म्हणत आली. नव्यात तो शेवटपर्यंत एकसारखा येतो. पंतांनी दुकानात चाप ओढून बघितला, पुन्हा ओढला, आणि उदास होऊन म्हणाले, "शेवटी जड होत नाही." दुकानदार पोरगेलासा होता. त्याला वाटलं स्तुती आहे. तो म्हणाला, "थँक यू, सर."

पुढे काही दिवसांनी सुरुवातीच्या काही नगांमध्ये चक्र नीट फिरत नसल्याच्या तक्रारी आल्या. मी पंतांना इतकं तरतरीत त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गुडघेदुखी गेली. स्वतः बर्फ उपसला. जुन्या पायथनचंही चक्र वापराने टायमिंगमधून जातं आणि ते जुळवून देणारे कारागीर आता अख्ख्या देशात थोडेच उरलेत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ते त्या आठवड्यात विसरलं गेलं. कंपनीने दुरुस्ती केली, तक्रारी ओसरल्या, रिव्हॉल्व्हर धडाधड खपू लागलं. पंतांचा गुडघा पुन्हा दुखायला लागला.

मी एकदा धीर करून विचारलं, "म्हणजे कंपनीने काढायलाच नको होतं?"

"असं कोण म्हणतंय? काढायलाच हवं होतं."

"मग तुम्ही घ्या ना. पंधराशे डॉलर. तुमच्या जुन्याच्या निम्म्याने."

"माझ्याकडे आहे ना," पंत म्हणाले.

माझं मत विचाराल, तर कोल्टने परत काढलं ते योग्यच केलं, आणि पंतांचं न ऐकता काढलं हे त्याहून योग्य. जुन्या मालावर माया करणारा माणूस सल्ला देतो, खरेदी दुसराच कुणीतरी करतो. नवं पायथन घेणारे बहुतेक जण जुनं हातात न घेतलेले असतील. त्यांना चाप शेवटी जड होत नाही याचं दुःख नाही. पंतांना हवं होतं ते 1970च्या दशकातलं हार्टफर्ड, त्यातले ते पॉलिशवाले, आणि पहिल्या पगारवाढीत रिव्हॉल्व्हर विकत घेणारा तो दावे-तपासनीस. ते कुठल्याच यंत्रावर निघत नाही. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. ते यातही दशांशचिन्ह शोधतील.

2021 मध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या काळापासूनची एक झेक कंपनी येऊन कोल्टच विकत घेऊन गेली. अमेरिकन वारसा आता प्रागहून चालतो यावर पंत काहीतरी जळजळीत बोलतील अशी आमची अटकळ होती. ते म्हणाले, "झेक लोकांना पॉलिश येतं." पुढे निळं पायथनही बाजारात आलं. पंतांनी ते उजेडात धरलं, तिरकं केलं, आपला चेहरा त्यात दिसतो का पाहिलं. दिसत होता. "पण स्पष्ट नाही," म्हणाले.

आता मात्र पंचाईत झाली. मागणी पुरी झालेली, वय ऐंशीच्या घरात, आणि टाइपरायटरला नवी फीत नुकतीच घातलेली. काकूंना वाटलं सुटलो. त्यांनी पत्रांच्या फायली माळ्यावर टाकायला मला बोलावलंही होतं.

पण हार्टफर्डहून नदीच्या कडेने वर गेलं की अर्ध्या तासात स्प्रिंगफील्ड लागतं. तिथे स्मिथ अँड वेसन. त्यांच्या रिव्हॉल्व्हरला 2001 नंतर बाजूला किल्लीचं एक बारीक भोक आलं, कुलूप लावण्यासाठी. जुन्या मंडळींनी त्या भोकावरून दोन दशकं आकांत केला, त्याला हिलरी क्लिंटनबाईंचं नाव दिलं, आणि अलीकडे कंपनीने काही जुनी मॉडेलं भोकाविना काढायला सुरुवात केली. पंतांनी त्यातलं एक भिंगाखाली तपासलं. भोक नव्हतं. कारागिरी नीट होती. किंमत परवडणारी. आम्ही श्वास रोखून उभे.

"पिन कुठाय?" पंत म्हणाले.

1982 पर्यंत त्या रिव्हॉल्व्हरची नळी सांगाड्यात एका आडव्या पिनेने अडकवलेली असायची. जेमतेम तांदळाएवढी दिसणारी पिन. नंतर ती गेली, नळी नुसती पेच फिरवून घट्ट बसवू लागले, आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. पंतांनी त्या संध्याकाळी मला फोन केला. आवाज खणखणीत होता. स्मिथ अँड वेसनचं मुख्यालय 2023 मध्ये टेनेसीत हललंय, तिथला नवा पिन कोड काढून दे म्हणाले.