चौथीतल्या पुढाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! मेहकर तालुक्यातल्या तुमच्या शाळेच्या बालसंसदेत पाणीमंत्री म्हणून तुमची बिनविरोध निवड झाली आहे. बिनविरोध म्हणजे बाईंनी नाव पुकारलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. वय वर्षं नऊ. या पदाला पगार नाही, गाडी नाही, आणि खिचडीची रांगही चुकत नाही. तरीही गावाचं भलं करायचंच असेल, तर पुढचं नीट वाचा.

आधी उपक्रम निवडा. झाडं लावणं सोपं वाटेल, पण सावध. राज्याने 2016 साली 2 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 आणि 2019 साली थेट 33 कोटी. पहिल्या खेपेची झाडं साधारण तुमच्याच वयाची. शाळेच्या कुंपणाशी शोधून पाहा. सापडली तर त्यांना पाणी घाला. नाही सापडली, तर निदान खड्डा आयता आहे.

स्वच्छता मॉनिटर होण्याचाही पर्याय असतो. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला अडवायचं आणि नम्रपणे म्हणायचं, ‘काका, उचला.’ मात्र पुडीवाले काका घरातलेच निघण्याची शक्यता गृहीत धरा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, हे त्यांना त्याच वेळी सांगू नका. प्रभातफेरीबद्दल काही लिहीत नाही. घोषणांनी नालीतलं प्लॅस्टिक हलत नाही, हे तुम्ही दुसरीतच पाहिलंय.

आमची शिफारस वनराई बंधाऱ्याची. ‘वनराई’ ही मोहन धारियांची संस्था. तिच्यामुळे हा पोत्यांचा कच्चा बांध महाराष्ट्रभर त्या नावाने ओळखला जातो. पैनगंगा मेहकरवरूनच वाहते, पण ती मोठ्यांसाठी सोडा. तिच्यावर त्यांनी पेनटाकळीचं धरण बांधलंय. तुम्ही गावाबाहेरचा नाला घ्या, ज्यात पाऊस सरल्यावर घोट्याएवढं पाणी वाहत राहतं. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर आठ दिवस थांबा आणि एक मोठा माणूस काठावर उभा करूनच उतरा. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे नेमकी दिवाळीची सुट्टी. म्हणून सुट्टीच्या आधीचा शनिवार धरा. त्या दिवशी दप्तर नसतं, हात मोकळे असतात.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांसाठी अर्ज करू नका. अर्ज केला की समिती होते. जिथे बांधकाम चालू आहे तिथल्या गवंडीकाकांकडे जा आणि मागा. चौथीतल्या पोराला रिकामं पोतं नाकारणारा गवंडी अजून जन्मायचाय.

पोतं अर्धंच भरा. मोठी माणसं ‘गच्च भरा रे’ म्हणतील, कारण त्यांना उचलायचं नसतं. सिमेंटचं पोतं 50 किलोंचं. त्यात तेवढीच वाळू कोंबली तर ते अख्ख्या मंत्रिमंडळालाही हलणार नाही. शिवाय यात शास्त्र आहे. अर्धवट भरलेलं पोतं चपटं बसतं आणि शेजारच्याला चिकटतं. तट्ट भरलेलं गोल होतं आणि दोघांच्या फटीतून पाणी पळतं. तोंड सुतळीने शिवायचं. दाभण मात्र मोठ्यांच्या हाती द्या, त्यांनाही काहीतरी काम हवं. रचण्याआधी तळातला गाळ उपसा, कडक थर लागेपर्यंत. मग भिंतीच्या विटांसारखी सांधेमोड करत पोती रचा, वरच्या अंगाला चिकणमाती थापा, आणि बांधाची दोन्ही टोकं काठाच्या आत घुसवा. हे विसरलात, तर पाणी कडेने हळूच सटकतं, ग्रामसभेत वर्गणीचा विषय निघाल्यावर सटकणाऱ्या सदस्यासारखं.

एव्हाना काठावर कोणी आजोबा येऊन उभे राहतील. ‘काऊन रे पोट्टेहो, कोनं सांगतलं तुमाले हे?’ खरं उत्तर द्या : ‘आमीच ठरवलं.’ त्यांचा विश्वास बसणार नाही. ते सरांना विचारतील. आता या मार्गदर्शिकेतलं सगळ्यात मोलाचं तंत्र वापरा : एक पोतं वाकडं ठेवा. मुद्दाम. काम चुकीचं होताना नुसतं बघत उभं राहणं शेतकऱ्याला जमत नाही. ‘अरे, असं नाई, असं!’ म्हणत आजोबा धोतर खोचून उतरतील. पाठोपाठ ज्यांच्या विहिरी आणि हरभरा त्याच नाल्याच्या काठी आहेत, तेही. तासाभरात बंधारा मोठी माणसं बांधत असतील आणि तुम्ही खिचडी खात असाल. नेतृत्व ते हेच. मोठे नेते याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त पोतं वाकडं ठेवायलाही दुसरा माणूस नेमतात.

पाहुणे सगळ्यात शेवटी येतात. ते दहाला येणार म्हणजे बाराला. फ्लेक्स आधी येईल. त्यावर तुमचा फोटो नसेल. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. हल्ली क्रम उलटा आहे : आधी भाषण, मग फोटो, आणि झाडणं शिपाईकाकांकडे. पाहुण्यांसाठी एक भरलेलं पोतं राखून ठेवा. ते त्याला हात लावतील, मोबाइल निघतील, अक्षांश-रेखांशासकट फोटो अहवालात जाईल. ‘विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखाली’ हे शब्द त्यात असतील. वाईट वाटून घेऊ नका. या संपूर्ण अहवालात खरे असलेले तेवढेच शब्द आहेत.

शेवटची सूचना देखभालीची. पावसाळ्यातल्या पहिल्या पुरात हा बांध टिकत नाही आणि टिकावा अशी अपेक्षाही नसते. हिवाळ्यात पाणी अडलं, विहिरींना मुरलं, गुरं प्याली, की त्याचं काम झालं. मात्र मे महिन्यात, नाला आटल्यावर, पोती सोडवून परत आणा. नाहीतर जूनमध्ये ती फाटून पैनगंगेला जातील आणि पुढच्या मंत्रिमंडळाला नदीस्वच्छतेचा उपक्रम आयता मिळेल.