साडेतीनचा कर्णधार

पुण्यातल्या बिबवेवाडीत पुष्पा मंगल कार्यालयाच्या चौकापासून अप्पर इंदिरानगरपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एक तरी मॅनेजर सापडेल. बँकेचा नाही आणि कंपनीचाही नाही. कंपनीत त्याच्या हाताखाली कुणीच नसतं. मोबाइलमध्ये मात्र 15 माणसं असतात. नॉर्वेचा हालांड, इजिप्तचा सलाह, मधेच एखादा नाव उच्चारता न येणारा जॉर्जियाचा गोलकीपर. त्यांना तो विकत घेतो, बाकावर बसवतो, पडत्या भावात काढून टाकतो. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून इंग्लंडमधला फुटबॉल अजून सुरळीत चालू आहे.

मॅनेजरचं वय तीस ते चाळीस. घरात त्याला कुणी काही ठरवू देत नाही आणि त्याचाही तसा आग्रह नसतो. पडद्यांचा रंग बायकोने ठरवला, मुलीची शाळा सासूबाईंनी. मिसळीबरोबर पाव की स्लाइस, हे तो वेटरवर सोडतो. मार्केट यार्डात भाजीला पाठवला तर मेथी घेऊ की चाकवत, हे विचारायला दोनदा फोन करतो. अशा माणसाला दर शनिवारी दुपारी साडेतीनच्या आत कर्णधार नेमावा लागतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात. फँटसी प्रीमियर लीग हा खेळ 2002-03च्या हंगामापासून चालू आहे. काल्पनिक 100 मिलियन पौंड मिळतात, त्यात 2 गोलकीपर, 5 डिफेंडर, 5 मिडफिल्डर आणि 3 फॉरवर्ड घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त 3. खऱ्या सामन्यात ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. फॉरवर्डच्या गोलला 4, मिडफिल्डरच्या गोलला 5, डिफेंडरने चुकून मारलाच तर 6. असे 38 आठवडे. दर आठवड्याला एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. सगळं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे.

साडेतीनचं गणित असं. इंग्लंडात शनिवारचा पहिला सामना दुपारी साडेबाराला असतो आणि त्याआधी दीड तास टीमला कुलूप लागतं. त्यांच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपले साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्रज घड्याळ तासभर मागे घेतात, मग आपले साडेचार. भारतात त्या दिवशी काहीच बदलत नाही. बिबवेवाडीतल्या त्या एका घरात मात्र शनिवारचं जेवण तासभर पुढे जातं, आणि का गेलं ते बायकोला लग्नानंतर बरीच वर्षं कळत नाही. शुक्रवारी रात्री सामना असला तर डेडलाइन बहुधा रात्रीची. त्या दिवशी ज्याला घरात काही महत्त्वाचं बोलायचं असेल त्याने जेवणाआधी बोलून घ्यावं.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो डोळे मिटून बसलेला असतो. सहकाऱ्यांना वाटतं, दमला बिचारा. त्याच्या कानात तेव्हा इंग्लंडमधल्या प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा चालू असतात. कुणाची मांडी आखडली, कुणाला ताप आला, कोण 'उद्या सकाळी बघू' या वर्गात आहे. त्यातला पेप गार्डिओला कधी कुणाला विश्रांती देईल याचा नेम नाही, त्याला ही मंडळी 'पेप रूलेट' म्हणतात आणि म्हणताना घाबरतात. चांदणी चौकात कर्णधार हालांड असतो. वारज्याला तो सलाह होतो. कात्रजला परत हालांड. गंगाधामच्या सिग्नलला बस अडकली की तिसऱ्याच कुणाचं तरी नाव डोक्यात शिरतं, आणि तो सिग्नल अडकवण्यात कमी नाही.

त्याच्या शेजारच्या काकांचा मार्केट यार्डात गाळा आहे. शनिवारी यार्डाला सुट्टी, त्यामुळे ते घरी असतात आणि त्यांना कुणाशी तरी बोलायचं असतं. खेळातल्या खेळाडूंचे भावही मागणीप्रमाणे वरखाली होतात, इंग्लंडच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे आपल्याकडे दारात दूध येण्याच्या सुमाराला. हे कळल्यापासून काकांना हा मुलगा आपल्यातला वाटू लागला आहे.

"काका, आज सकाळी त्याचा भाव चढला."

"आवक कमी झाली का?"

"नाही, लोकांनी फार घेतला."

"मग विकून मोकळा हो की!"

"विकला तर अर्धाच नफा हातात येतो, काका. भाव दोनने चढला तर आपल्याला एक."

"आणि राहिलेला एक कुणाला?"

"कुणालाच नाही."

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, आमच्यात आडत निदान कुणाच्या तरी खिशात जाते."

वडिलांची चिंता निराळी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मुंबईच्या ड्रीम11ने पैसे लावण्याच्या स्पर्धा बंद केल्या, तेव्हा बाबांनी बातमीचं कात्रण काढून फ्रिजवर लावलं. ड्रीम11वालेही कर्णधाराचे गुण दुप्पट करायचे, उपकर्णधाराचे दीडपट, त्यामुळे बाबांना दोन्ही एकच वाटत होतं. मॅनेजरने समजावलं की आपला खेळ फुकटाचा आहे.

"म्हणजे तू पैसे लावत नाहीस?"

"नाही, बाबा."

"मिळतात तरी?"

"नाही."

"मग रात्री साडेबाराला उठून बसतोस कशासाठी?"

याचं उत्तर त्याने दिलं नाही. माझा अंदाज असा की मुलगा जुगारी निघाला असता तर बाबांना एक वेळ कळलं असतं.

त्याला फुटबॉलचं प्रेम आहे असं कुणी समजू नये. एफसी पुणे सिटी हा संघ 2014 पासून बालेवाडीत खेळत होता. पहिल्याच हंगामात त्यात त्रेझेगे होता, 1998च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला. पुण्याच्या मैदानावर, पुण्याच्या जर्सीत. 2019 मध्ये संघ गुंडाळला गेला, तोवर मॅनेजर एकदाही तिकडे फिरकला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "त्याचे गुण कुठे मिळत होते?"

आता त्याच्या विद्वत्तेकडे येऊ. त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे, त्यात पुढच्या सहा आठवड्यांचे सामने हिरव्या-लाल रंगात, अपेक्षित गोल, पेनल्टी कोण घेतो, कॉर्नर कोण मारतो. 2025-26च्या हंगामात डिफेंडरने अडवाअडवी केल्याचेही 2 गुण सुरू झाले, तेव्हा त्याने तक्त्याला एक नवा स्तंभ जोडला आणि त्या आनंदात ऑफिसचा रिपोर्ट द्यायचा विसरला. हा सगळा अभ्यास आठवडाभर दळून शनिवारी साडेतीनला त्यातून जे पीठ पडतं ते म्हणजे: हालांड. अपार्टमेंटच्या वॉचमनला विचारलं असतं तरी तो हालांडच म्हणाला असता. त्याच्या मुलाच्या टी-शर्टवर ते नाव आहे.

मग अभ्यास कशाला? इथे या माणसाचं मर्म आहे. त्याला हालांड लागेल की नाही याची भीती नसते. भीती असते ती बाकीच्यांनी त्याला कर्णधार केलं असेल आणि आपण केलं नसेल याची. त्यासाठी त्यांच्यात एक आकडा आहे, 'ईओ'. समजा, वरच्या मॅनेजरांपैकी शंभरातल्या 80 जणांकडे हालांड आहे आणि त्यातल्या 60 जणांनी त्याला कर्णधार केलं आहे. ईओ झाला 140 टक्के. आता तुमच्याकडे तो आहे, पण कर्णधार नाही. त्याने गोल मारला. गोल तुमच्याच माणसाने मारला आणि तुम्ही खाली घसरलात! मराठी मध्यमवर्गाला हा आकडा मुळीच नवा नाही. नव्वदच्या दशकात ज्यांनी मुलांना इंजिनिअरिंगला घातलं, त्यांनी मुलाचा कल बघितला नव्हता, ईओ बघितला होता. घरात त्याला 'लोक काय म्हणतील' म्हणत. दशांश चिन्ह तेवढं नव्हतं.

क्वचित एखाद्या शनिवारी मॅनेजरच्या अंगात बंड संचारतं. सगळ्यांपेक्षा वेगळा, कुणाकडे नसलेला खेळाडू कर्णधार करायचा. याला 'डिफरन्शिअल' म्हणतात. तो हे साडेतीनला दहा मिनिटं असताना करतो आणि तीन मिनिटं असताना परत फिरवतो. परत फिरवल्याचं दुःख कसं असतं ते 28 सप्टेंबर 2024 रोजी साऱ्या सोसायटीने पाहिलं. पितृपंधरवडा चालू होता. नवीन काही करायचं नाही, असं आईचं दिवसभर चाललं होतं, आणि त्याने ते मनावर घेतलं असावं असा मला दाट संशय आहे. कर्णधार चेल्सीचा कोल पामर होता, शेवटच्या मिनिटाला तो हालांड झाला. संध्याकाळी पाचच्या सामन्यात हालांडच्या मँचेस्टर सिटीने न्यूकॅसलशी 1-1 बरोबरी केली, हालांडने काहीच केलं नाही. हजर राहिल्याचे 2, दुप्पट करून 4. साडेसातला चेल्सीचा ब्रायटनशी सामना सुरू झाला आणि मध्यंतराच्या आत पामरने 4 गोल मारले. प्रीमियर लीगमध्ये पहिल्याच अर्ध्यात 4 गोल त्यापूर्वी कुणी मारले नव्हते. गोलचे 20, खेळल्याचे 2, बोनस 3, एकूण 25.

पामर त्याच्याकडे होता, म्हणजे ते 25 त्याला मिळालेच. पण हा माणूस मिळालेले 25 मोजत नाही, न मिळालेले 25 मोजतो. त्या रात्री तो जेवला नाही. आईने वडा पुढे केला तर म्हणाला, "कावळ्याला घाला."

यापेक्षा वाईट एकच गोष्ट असते, आणि ती मी गॅलरीतून प्रत्यक्ष पाहिली आहे. कर्णधार एक मिनिटही खेळला नाही तर उपकर्णधाराचे गुण दुप्पट होतात. एकदा याचा कर्णधार सुरुवातीला बाकावर बसला आणि उपकर्णधाराने आधीच भरघोस गुण मिळवून ठेवले होते. म्हणजे आठवडाभर ज्याच्या मांडीच्या स्नायूची काळजी वाहिली, त्यानेच आता मैदानात उतरू नये यासाठी हा देव पाण्यात घालून बसला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कर्णधार जॅकेट काढायला लागला. "नको रे, बस रे, थंडी आहे तिकडे!" तो उतरला. पाच मिनिटं धावला. 1 गुण, दुप्पट 2.

जगातल्या घडामोडी त्याला याच वाटेने कळतात. 8 सप्टेंबर 2022 रोजी एलिझाबेथ राणी गेली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या शनिवार-रविवारचे प्रीमियर लीगचे सगळे सामने पुढे ढकलले गेले आणि हा नेमका त्याच आठवड्यासाठी वाइल्डकार्ड टाकून बसला होता, म्हणजे आख्खी टीम बदलायची मुभा वापरून. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो ढोलामागून मान खाली घालून चालत होता. मंडळातल्या पोरांना वाटलं, दादा बाप्पासाठी हळवे झालेत. एका मावशींनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "येतील रे पुढच्या वर्षी!"

आणि मिनी-लीग. बिबवेवाडीतल्याच व्हीआयटीमधले जुने मित्र, एक डब्लिनला, दोघं बेंगळुरूला, बाकीचे इथेच. शेवटचा येईल त्याने सगळ्यांना सिंहगडावर पिठलं-भाकरी घालायची. संख्या भरावी म्हणून मॅनेजरने एका ऑगस्टमध्ये मेहुणीचीही टीम बनवून घेतली. तिने दहा मिनिटांत नावं टिचकावली, 2024-25च्या त्या हंगामात सलाहला कर्णधार केलं कारण दाढी बरी वाटली, आणि पासवर्ड विसरली. सलाहने त्या हंगामात 29 गोल मारले, 18 गोलांना मदत केली आणि 344 गुणांचा विक्रम केला. तिने एकही बदल केला नाही. मॅनेजरने जादा बदलांपायी दर वेळी 4 गुण दंड भरला, कारण प्रत्येक बदलामागे तक्ता होता. मे महिन्यात मेहुणी त्याच्या वर होती. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण तो लीगमधल्या सगळ्यांना स्वतः फोन करून विनंती करून बसला आहे.

तेव्हा वाचकहो, शनिवारी दुपारी कधी बिबवेवाडीत आलात आणि चप्पल घालून जिन्यात उभा असलेला, हातात फोन धरलेला असा कुणी दिसला, आणि त्याने "काय वाटतं, कॅप्टन कोण?" असं विचारलं, तर नाव घेऊ नका. लागलं तर अभ्यास त्याचा, आणि नाही लागलं तर मेपर्यंत ते नाव तुमचं. अगदीच गळ्यात पडला तर उपकर्णधार कोण ते सांगा. कर्णधार एक मिनिट जरी खेळला तरी उपकर्णधाराचे गुण दुप्पट होत नाहीत, त्यामुळे तुम्हाला कुणी विचारायला येणार नाही.