मेगर मारलास का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींत कुणाची गाडी अडली, की मीटरवाल्या काकांना बोलवावं लागत नाही. त्यांना वास लागतो. गणपतीच्या आरतीला आलेल्या कुणी पार्किंगमध्ये नुसतं बॉनेट उघडावं, दुसऱ्या मिनिटाला काका तिथे हजर. एका हातात प्रसादाचा द्रोण, दुसऱ्या हातात पिवळा मल्टिमीटर. झब्ब्याच्या खिशात तो मावतो कसा, हे काकूंनाही उलगडलेलं नाही.

काका शिकले इलेक्ट्रॉनिक्स, पोट भरलं सॉफ्टवेअरवर. वायटूकेच्या लाटेत आलेली ही पिढी. कोडमधली चूक शोधण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू आपल्याच निदानाची वाट बघत थांबली आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. लोक त्यांना चिक्कू म्हणतात ते मला पटत नाही. मेकॅनिकला दुरुस्तीचे पैसे द्यायला काका का-कू करत नाहीत. पण काय बिघडलंय हे सांगण्याचे पैसे तो मागतो, तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. ‘‘निदानाचे दोनशे डॉलर? अहो, विचार तर मी फुकट करतो!’’

त्यांची टोयोटाची हायब्रिड प्रियस २००५ची. तिच्या मागच्या कोपऱ्यावर विटलेला पिवळा स्टिकर अजून आहे. त्या काळी कॅलिफोर्निया सरकारने हायब्रिडवाल्यांना एकटं असतानाही कारपूल लेनमधून जायची मुभा दिली होती. असे ८५ हजार स्टिकर वाटले आणि १ जुलै २०११ला सवलत बंद केली. काकांनी स्टिकर काढला नाही. फ्रीमाँटच्या ज्या कारखान्यात आज टेस्ला तयार होते, तिथे २००९पर्यंत टोयोटा आणि जीएम मिळून गाड्या काढत असत. तेवढ्यावरून काका प्रियसला ‘‘आपल्या गावची’’ म्हणतात. प्रियस तिथे कधीच बनली नाही, पण माहेर कुणाचं कुठलं ठरवायला काका कागदपत्रं बघत नाहीत. दोन लाख मैलांवर पळालेली २००२ची प्रियस एका ग्राहक मासिकाने २०११मध्ये तपासली आणि तिचं मायलेज जवळजवळ नव्यासारखंच निघालं, हा दाखला ते मुंजीतसुद्धा देतात.

अशा या गाडीच्या पडद्यावर ऑगस्टच्या एका सकाळी लाल त्रिकोण उगवला. आपल्या पिढीने लाल त्रिकोण पाहिला तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, ‘हम दो हमारे दो’च्या शेजारी. तो उलटा होता, हा सुलटा आणि पोटात उद्गारचिन्ह. काकूंनी तो बघितला आणि म्हणाल्या, ‘‘आता पुरे, असंच सांगतेय ती.’’

काकांच्या स्वस्त ब्लूटूथ यंत्राने कोड वाचला : पी०एए६. म्हणजे इन्सुलेशन गेलं. हायब्रिडच्या बॅटरीचं प्लस काय नि मायनस काय, कुठलंच टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं नसतं. नारिंगी केबलमधला तो सगळा कारभार पत्र्यापासून सोवळ्यात असतो. कुठे थोडी जरी गळती झाली, तरी कॉम्प्युटरला कळतं आणि तो बोंब मारतो. गोची ही, की विटाळ झाला एवढंच तो सांगतो. बॅटरीत झाला, गिअरबॉक्सच्या मोटारीत, इन्व्हर्टरमध्ये की एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये, हे कळायला त्याच्या पोटातला तीन आकडी उपकोड वाचावा लागतो. तो काकांच्या यंत्राला वाचता येत नव्हता. डीलरच्या यंत्राला येत होता, पण तिथे निदानाचे पैसे पडत होते.

तरी काकांनी फोन केला, भाव काढायला म्हणून. पलीकडच्या मुलाने गाडी न बघताच एकदा बॅटरीचा आणि एकदा गिअरबॉक्सचा आकडा सांगितला. दोन्ही आकडे गाडीच्या किमतीच्या वर. कॅलिफोर्नियात बॅटरीला वॉरंटी होती दहा वर्षं किंवा दीड लाख मैल. काकांची गाडी दोन्ही अंगांनी तिच्या बाहेर. आणि त्रिकोणाच्या शेजारी इंजिनाचाही दिवा पेटलेला. तो असला की स्मॉगची तपासणी नापास, आणि तपासणी नापास म्हणजे रजिस्ट्रेशन नाही.

मग गॅरेजात यज्ञ सुरू झाला. मागची सीट निघाली, बॅटरीचं झाकण निघालं. आत २८ मोड्यूल, प्रत्येकी ७.२ व्होल्टचं, बेरीज २०१.६. काकांनी प्रत्येकाला मीटर लावला, आकडे एक्सेलमध्ये भरले, आलेख काढला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ठणठणीत. एवढ्या श्रमानंतर काहीच वाईट सापडू नये याचं काकांना मनापासून दुःख झालं. मग त्यांनी प्रत्येक नारिंगी केबल आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. सगळीकडे उत्तर एकच : गळती नाही. ‘‘म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलतोय,’’ काका म्हणाले, आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या आवाजात पहिल्यांदाच जरा हुरूप आला.

हे सगळं सुरू असताना साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले त्यांचे वडील गॅरेजच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसत. वय ब्याऐंशी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळातून निवृत्त. मुलाला मध्ये टोकायचं नाही असं सुनेने बजावलं होतं, म्हणून बरेच दिवस गप्प होते. शेवटी राहवलं नाही.

‘‘मेगर मारलास का?’’

‘‘बाबा, मीटर लावलाय ना.’’

‘‘मीटरच्या सेलात किती व्होल्ट? नऊ. तुझ्या गाडीत दोनशे. अरे, नऊ व्होल्टला चांगलं दिसणारं इन्सुलेशन पाचशेला फुटतं. आमचा वायरमनसुद्धा मोटर मेगर केल्याशिवाय चालू करायचा नाही.’’

सिलिकॉन व्हॅलीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस यावर काही बोलू शकला नाही. मेगर, म्हणजे जोरदार व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर, ऑनलाइन मागवला. खोक्यातून डिजिटल निघाला, तेव्हा आजोबा नाराज झाले. ‘‘हँडल कुठाय? फिरवायचं काय?’’

पण कामाला हात लागल्यावर त्यांचं वय गळून पडलं. बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढायला लावला आणि स्वतःच्या लेंग्याच्या खिशात ठेवला, म्हणजे पाठीमागे कुणी शहाणा तो परत बसवणार नाही. काही मिनिटं थांबवलं, कपॅसिटर उतरेपर्यंत. काकूंचे भांडी घासायचे हातमोजे काकांनी पुढे केले, त्यावर आजोबांनी नुसतं पाहिलं. हजार व्होल्टचे रबरी आले, तेही मनगटापासून गुंडाळून, हवा कोंडून, कानाशी धरून तपासले. मग गिअरबॉक्सच्या केबल : ठीक. कॉम्प्रेसरची केबल सोडवली, मेगरचं बटण दाबलं, आणि आकडा शून्यालगत येऊन बसला.

‘‘गेला,’’ आजोबा म्हणाले. चाळीस वर्षांत किती ट्रान्सफॉर्मरांना त्यांनी हा शब्द म्हटला असेल.

आता कॉम्प्रेसर मरतो कशाने? प्रियसच्या एसीला इंजिनाचा पट्टा नसतो. बॅटरीवर चालणारी त्याची मोटर गॅस आणि तेल यांतच बुडालेली असते, म्हणून त्यात वीज न वाहू देणारं खास एस्टर तेल घालतात. साध्या गाड्यांचं पॅग तेल थोडंसं जरी आत गेलं, तरी इन्सुलेशन बसतं. काका हे इंटरनेटवरून मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला. जून महिन्यात एसी थंड करत नाही म्हणून गॅसचा एक सेलमधला डबा त्यांनीच आणून भरला होता. डबा अजून शेल्फवर होता. काकूंनी तो उतरवला, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली. पॅग.

‘‘तो मुद्दा वेगळा,’’ काका म्हणाले.

जुन्या गाड्यांच्या यार्डातून कॉम्प्रेसर आला. एसीचे पाइप धुवायला गाडी माहितगार माणसाकडे गेली. त्याने निदानाचे पैसे मागितले नाहीत, कारण निदान काकांनी टाइप करूनच नेलं होतं, आलेखासकट. त्रिकोण मावळला. एक्सेलमध्ये काकांनी न घेतलेली बॅटरी आणि न घेतलेला गिअरबॉक्स ‘बचत’ या रकान्यात टाकले. दोन्ही. त्यामुळे या बिघाडात त्यांना भरघोस फायदा झाला.

तो फायदा आता गुंतवायचा आहे. ट्रेसी गावात एकाच्या अंगणात २००७ची प्रियस पडून आहे, पी०एए६साठीच सोडलेली, मातीमोल किमतीत. काकांनी फोटो मागवलेत. आजोबांचे सहा महिने दिवाळीला संपतात. अमेरिकेतला मुक्काम वाढवायला आय-५३९ नावाचा फॉर्म भरावा लागतो. परवा तो काकांच्या टेबलावर दिसला, अर्धा भरलेला. मुक्काम वाढवण्याचं कारण म्हणून त्यांनी पेन्सिलीने ‘कौटुंबिक’ लिहिलं होतं.