छान आहे, पण बादली कुठंय?

वॉल्टर पेस्लीला शिल्पकार व्हायचं असतं आणि त्याला मातीचं साधं नाक करता येत नाही. भाड्याच्या खोलीत मातीच्या गोळ्यापुढे बसून तो त्या गोळ्यावर ओरडतो, की बाबा रे, नाक हो! गोळा ऐकत नाही. हे दृश्य मला भयपटातलं वाटलंच नाही, घरातलं वाटलं. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली की कोऱ्या कागदावर असंच खेकसणारे आम्ही बरेच जण आहोत.

सिनेमाचं नाव ‘अ बकेट ऑफ ब्लड’. साल १९५९. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, लेखक चार्ल्स ग्रिफिथ आणि वॉल्टरच्या भूमिकेत डिक मिलर. कृष्णधवल आणि जेमतेम ६६ मिनिटांचा. वॉल्टर एका कॅफेत टेबलं पुसणारा पोऱ्या. तो कॅफे दाढीवाल्या कवींचा, उदास सॅक्सोफोनचा आणि न्याहारीला गव्हांकुर खाणाऱ्या विचारवंतांचा. त्या काळच्या अमेरिकेत ‘बीटनिक’ म्हणून जी जमात बोकाळली होती, तिची ही यथेच्छ टिंगल आहे. या सगळ्यांच्या उष्ट्या कपबश्या उचलता उचलता वॉल्टरला वाटू लागतं, की आपणही कलावंत व्हावं. मग घरमालकिणीचं मांजर भिंतीत अडकतं. त्याला सोडवायला वॉल्टर सुरीने भिंत कापतो आणि सुरी मांजरातच घुसते. घाबरून तो मेलेल्या मांजरावर माती थापतो, सुरीसकट. दुसऱ्या दिवशी कॅफेत जयजयकार!

हा सिनेमा आमच्या बैठकीच्या खोलीत लावायची कल्पना भाच्याची. त्याला सिनेमावाला व्हायचंय; सध्या तो लोकांच्या लग्नाआधीच्या फिती काढतो. प्रेक्षक म्हणून आत्या, शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका, सोसायटीचे कवी आणि पेणचा माझा एक मूर्तिकार मित्र. मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. तो मुंबईत रंग घ्यायला आला होता आणि जेवायला थांबला होता. भयपट बघायला यापेक्षा वाईट मंडळी जमवता आली नसती.

काकांनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, “खर्च किती आला असेल?” भाचा म्हणाला, साधारण ५०,००० डॉलर, आणि चित्रीकरण पाच दिवसांत. काकांनी डोळे मिटले. तेव्हा डॉलरला चार रुपये शहात्तर पैसे पडायचे, हे त्यांना तोंडपाठ. “दोन लाख अडतीस हजार,” ते डोळे उघडून म्हणाले, “आणि अंधार फुकट.” यानंतर त्यांनी सिनेमा अत्यंत आदराने पाहिला. कॉर्मन या माणसावर तर त्यांचा जीवच जडला. त्याने आत्मचरित्राच्या नावातच छाती ठोकून सांगितलंय, की हॉलिवूडमध्ये शंभर सिनेमे काढले आणि कधी दमडीचा तोटा खाल्ला नाही. काका म्हणाले, “असा एक तरी कर्जदार मला भेटायला हवा होता.”

घरमालकिणीचं काम करणारी बाई ही लेखक ग्रिफिथची सख्खी आजी, हे कळल्यावर आत्या सावरून बसली. तोवर तिचा सिनेमावर राग होता, कारण मांजर. शिवाय तिला नावाबद्दल तक्रार होती. दर खुनानंतर ती विचारायची, “छान आहे, पण बादली कुठंय?” बादलीभर रक्त या सिनेमात दिसतच नाही, जे दिसतं ते कृष्णधवल असल्यामुळे डांबरासारखं. पण नातवाने आजीला सिनेमात घेतलं, या एका गोष्टीवर तिने ग्रिफिथला बरंच माफ केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “तू एवढं लिहितोस, कुणाला कधी घेतलंस का कशात?”

दुसरा बळी पोलिसाचा. कॅफेतली एक चाहती वॉल्टरच्या हातात कौतुकाने हेरॉइनची कुपी ठेवते. साध्या वेशातला पोलीस ते बघतो आणि पाठोपाठ त्याच्या खोलीवर येतो. वॉल्टर तेव्हा स्वयंपाक करत असतो. पोलीस पिस्तूल काढतो, वॉल्टर हातातला तवा त्याच्या डोक्यात घालतो. “बिडाचा असणार,” आत्या म्हणाली. “नॉनस्टिकने माणूस मरत नाही.” मग त्याही पुतळ्याचं अनावरण होतं. मांजराच्या पुतळ्याचं नाव ‘मेलेलं मांजर’ होतं, याचं ‘खून झालेला माणूस’. नावं ठेवण्यात वॉल्टर अगदी प्रामाणिक आहे. त्याच्या कलाजीवनातली ती एकमेव खरी गोष्ट.

आमच्या कवींचं मत ठरलेलं होतं. सिनेमातला कवी मॅक्सवेल ब्रॉक हेच यातलं एकमेव पूर्ण उभं राहिलेलं पात्र, असं त्यांचं म्हणणं. ब्रॉक सुरुवातीलाच एक दणदणीत कविता म्हणतो, तिचा मथितार्थ असा की कला तेवढी खरी, बाकीचे मेले तरी चालतील. वॉल्टर हे शब्दशः घेतो. तोच एकटा तसं करतो, म्हणून सिनेमा घडतो. ब्रॉक आपली ओळ दुसऱ्यांदा उच्चारत नाही. पुनरुक्ती म्हणजे मरण, असा त्याचा बाणा. आमच्या कवींनी यावर मान डोलावली. त्यांची पावसावरची कविता आम्ही दर कोजागरीला ऐकतो, पण त्या वेळी कुणी काही बोललं नाही.

खरी अडचण मूर्तिकाराने केली. तो अर्धा सिनेमा होईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “हे होणार नाही.”

“काय होणार नाही?”

“माती. शाडू वाळताना आकसते. आत काही घट्ट असलं की तडे जातात. हे मांजर दुसऱ्या दिवशी भेगाळलं असतं. आणि एवढ्या मोठ्या माणसावर एका रात्रीत लिंपण? ते वाळणार कधी? वर उन्हाळा दिसत नाही.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “आणि वास.”

मी सांगायला गेलो, की अरे, हा विनोद आहे, अतिशयोक्ती आहे. तो ऐकेना. त्याला वॉल्टरच्या खुनांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. कामातला निष्काळजीपणा त्याला खपत नव्हता. पण या त्याच्या कुरकुरीमुळेच माझ्या लक्षात आलं, की सिनेमात बहुतेक रसिक पुतळ्याला हातच लावत नाहीत. सगळे जण चार पावलं मागे सरतात, डोळे बारीक करतात आणि बोलतात. स्नायू काय, वेदना काय, वास्तव काय! ज्याच्या आत खरोखरचं प्रेत आहे त्याला ते वास्तववाद म्हणतात, आणि त्यात त्यांचं तसं चुकतही नाही. शेवटापूर्वी सत्य कळतं ते एकालाच, कॅफेचा मालक लिओनार्ड याला, आणि तेही पुतळा पडून माती निघाली नि आत केस दिसले म्हणून. तो पोलिसांना फोन करायला उठतो. एवढ्यात एक संग्राहक त्या मांजराचे ५०० डॉलर देऊ करतो आणि फोन जागेवर जातो.

“दोन हजार तीनशे ऐंशी,” काका म्हणाले. “त्या काळी.” त्यांच्या आवाजात लिओनार्डविषयी निंदा नव्हती.

मला विचाराल तर या सिनेमातलं सगळ्यात भीतिदायक दृश्य हे फोन जागेवर जाण्याचं आहे. वॉल्टर खून करतो तेव्हा त्याची कीव येते. त्याला वाट सापडत नसते आणि जी सापडते तिच्यावर सगळे टाळ्या वाजवत उभे असतात. ‘पुढचं काय काढतोयस?’ हा प्रश्न त्याला विचारला जातो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हा प्रश्न मला दर ऑगस्टमध्ये संपादक विचारतात. वॉल्टरकडे मातीखाली घालायला शेजारीपाजारी तरी होते.

शेवटी भांडं फुटतं, वॉल्टर पळतो आणि फास लावून घेतो. त्याचं शेवटचं शिल्प तो स्वतःच. इथे त्याला मातीने लिंपलेला दाखवायचं होतं, पण तोवर ना पैसे उरले होते ना वेळ. मग डिक मिलरच्या तोंडाला करडा रंग फासून त्याला लटकवला. मिलरला हे शेवटपर्यंत खुपत होतं. बिचाऱ्याने २०१९मध्ये मरेपर्यंत ‘वॉल्टर पेस्ली’ याच नावाच्या कितीतरी भूमिका निरनिराळ्या दिग्दर्शकांसाठी केल्या. ‘द हाउलिंग’मध्ये तर तो पुस्तकाच्या दुकानाचा मालक होता. फासावरून उतरून पुस्तकं विकायला बसणं ही बढती की शिक्षा, ते ठरवणं लेखकाला तरी अवघड आहे. कॉर्मनला मात्र २००९मध्ये मानद ऑस्कर मिळालं. काकांना ते न्याय्य वाटलं.

सिनेमा संपल्यावर भाच्याने जाहीर केलं, की यंदा गणेशोत्सवात सोसायटीने हेच नाटक करायचं. मूळ सिनेमाचे हक्क अमेरिकेत कधीच मोकळे झालेत, हे त्याने सांगताच खजिनदार या नात्याने काकांनी लगेच मान्यता दिली आणि लिओनार्डची भूमिका स्वतःकडे ठेवली. ब्रॉक कोण, हे विचारायची गरज नव्हती. आत्या घरमालकीण, नातवाने आजीला घेतल्याचा पूर्वदाखला होताच. मूर्तिकार म्हणाला, “शाडू देणार नाही. हंगामात तर मुळीच नाही. करड्या रंगावर भागवा.” वॉल्टरचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं, कारण न सुचण्याचा अभिनय मला वेगळा करावा लागणार नाही, असं आत्याचं मत पडलं.

“पण मांजर मरणार नाही,” तिने अट घातली. “गणपतीपुढे तर नाहीच.”

मी समजावलं, की आत्या, मांजर मेलं नाही तर पुतळा नाही, पुतळा नाही तर कौतुक नाही, पुढचं काहीच घडणार नाही.

“मग नको घडायला.”

कवी अस्वस्थ झाले. “म्हणजे माझ्या कवितेचं काय?”

“ती राहते,” भाचा म्हणाला. “ती अगदी सुरुवातीलाच आहे, मांजराच्या आधी.”

काकांनी पाठकोऱ्या कागदावर काहीतरी बेरीज केली आणि म्हणाले, कविता तेवढी बजेटमध्ये बसते.