साडेपाच लिटर

मे महिन्यात डोंबिवलीतल्या कुठल्याही इमारतीची गच्ची गाठावी. प्लास्टिकच्या काळ्या टाक्या उन्हात मुकाट तापत बसलेल्या दिसतात. आत उल्हास नदीचं नाहीतर बारवी धरणाचं पाणी. पहाटे ३० अंशांवर असलेलं हे पाणी दुपारी ४५ अंशांपर्यंत तापलं, तर हजार लिटरमागे साधारण साडेपाच लिटर फुगतं. टँकरचे पैसे कुणी भरायचे यावर सोसायटीच्या सभेत रात्री अकरापर्यंत भांडणाऱ्या आपल्याला ही वाढ सूर्यनारायण फुकट देतो, आणि ती कुठल्याच ताळेबंदात येत नाही. येणार तरी कशी? थेंबही नवा आलेला नसतो. आहे तेच पाणी जरा ऐसपैस बसतं.

याचं कारण रेणूंचा स्वभाव. द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात, पण फार घट्ट नाही. ऊब मिळाली की त्यांची चुळबुळ वाढते, धक्के वाढतात आणि त्यांच्यातलं सरासरी अंतर किंचित वाढतं. सकाळी जलद लोकलमध्ये शिरणाऱ्या डोंबिवलीकराला मात्र हा नियम लागू नाही. तिथे उकाडा वाढतो तसा माणूस अंग चोरतो, पोट आत घेतो, चौथ्या सीटवर अर्धा टेकतो. पण निसर्गात यालाही दाखला आहे: ० ते ४ अंशांच्या दरम्यान पाणीसुद्धा तापवल्यावर आक्रसतं.

मला सगळ्यात लोभस वाटतो तो थर्मामीटरमधला पारा. अंगात दोन अंश सेल्सिअस ताप चढला, तर तो दहा हजारात जेमतेम तीन-चार भाग फुगतो. एवढं कुणाला दिसणार? म्हणून खाली टपोरा फुगा आणि वर केसासारखी नळी. फुग्यातली कणभर वाढ नळीत लांबच लांब होते. फुग्याच्या गळ्याशी नळी चिमटलेली असते, म्हणून काखेतून काढल्यावरही पारा जागचा हलत नाही. आई तो खिडकीपाशी नेऊन तिरका धरायची, चांदीची रेघ सापडेपर्यंत डोळे बारीक करायची. मग मनगटाला झटका देऊन पारा उतरवायची. बांगड्यांच्या त्या आवाजानेच अर्धा ताप उतरायचा.

पेट्रोल पाण्यापेक्षा उतावळं. दहा अंशांना जवळजवळ एक टक्का. पहाटे भरलं की जास्त मिळतं, या समजुतीने पंपावर धावणारे कल्याण-ठाण्यात कमी नाहीत. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक नाही. आणि ठाण्याची खाडी ज्या समुद्राला मिळते, तोही फुगतोच आहे. १९७१ ते २०१८ या काळात जगभर समुद्राची पातळी जेवढी वाढली, त्यातली निम्मी वाढ निव्वळ पाणी तापल्यामुळे झाली, असं आयपीसीसीचा २०२१चा अहवाल सांगतो.

तेव्हा स्कूटरची टाकी उन्हाळ्यात गळ्यापर्यंत भरू नका. बोटभर जागा ठेवा.