होडीची मोरी

लातूरच्या बसस्थानकावर पाच फुटी पीव्हीसी पाईप घेऊन उभं राहिलं की माणसं आपोआप जवळ येतात. पाईप म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे आमच्याकडे बातमी.

"बोअर घेतलाव का गुरुजी? किती फुटाला लागलं?"

मी खरं ते सांगून टाकलं. "बोअर नाही हो. नांदेडला साडूच्या होडीत पाणी साचतंय. ते बाहेर काढायची सोय करायला चाललोय."

"काढून कशात भरणार?"

"कशातच नाही. धरणात सोडून द्यायचं."

यावर जी शांतता पसरली ती मी आयुष्यात फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली आहे. एका आजींनी तोंडाला पदर लावला. चूक माझीच होती. ज्या गावानं १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे पाहिली, दहा वाघिणींतलं पाच लाख लिटर पाणी उतरताना पाहायला जे गाव स्टेशनवर जमलं, त्या गावात साचलेलं पाणी फेकून द्यायला पाईप नेतोय असं चारचौघांत बोलायचं नसतं. लातुरात "पाणी आलं!" ही आरोळी ऐकून माणूस अर्धी दाढी टाकून धावतो. साडूभाऊंनी मात्र फोनवर हेच दोन शब्द रडवेल्या आवाजात उच्चारले होते, तेव्हा मी आधी अभिनंदन केलं होतं.

माझ्यासोबत मिस्त्री होते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनी बांधलेली आणि उरलेल्या निम्म्यांची गळती त्यांनी काढलेली. जुन्या माळवदाच्या मातीला कुठून कसा उतार दिला की पावसाचं पाणी नेमकं पन्हाळीतूनच पडेल, हे कळणारी जी चार माणसं लातुरात उरली असतील, त्यांतले हे एक. त्यांच्या पिशवीत थापी, गुण्या, ओळंबा आणि पाण्यानं भरलेली लेव्हलची नळी. होडी त्यांनी त्याआधी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

बसच्या वाहकानं पाईपकडे पाहिलं. "ह्याचं तिकीट?"

"लेकरू समजा की," मिस्त्री म्हणाले. "अर्धं फाडा."

"पाच फुटाच्या लेकराला अर्धं नसतंय, मामा."

चाकूर, अहमदपूर मागे पडलं. अहमदपूरला चहा प्यालो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही, चहाबद्दलही नाही. लोह्याच्या आधी खंडोबाचं माळेगाव येतं, जिथं यात्रेत घोडे, उंट, गाढवं विकायला येतात. मिस्त्रींनी विचारलं, तिथं होड्याही विकतात का? मी नाही म्हटलं. "मग साडूसाहेबांना गाढव घ्यायला काय झालं होतं? गाढवात पाणी तरी साचत नाही." लोह्यापासून जवळच कंधार. तिथं किल्ल्याभोवती खंदक आणि गावाला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर. आमच्या मुलखात हजार वर्षं शहाणी माणसं पाणी अडवायचाच विचार करत आली. पाणी जाऊ द्यायचा विचार करणारे बहुधा माझे साडूभाऊ पहिले.

लातूरहून येताना नांदेडच्या अलीकडेच विष्णुपुरी लागतं. गोदावरी अडवून केलेला शंकर सागर जलाशय, काठावर काळेश्वराचं देऊळ आणि दसरा नुकताच झालेला, त्यामुळे पाणी काठोकाठ. मिस्त्री पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, एवढं असताना आपल्याला रेल्वेनं का आणावं लागलं?" या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही, म्हणून मी साडूभाऊंचं घर शोधायला लागलो.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, साडूभाऊंनी मासेमारी धरली. कोकणातून ट्रकवर घालून आणलेली, कुणाकुणाच्या हातून फिरलेली अठरा फुटी फायबरची होडी अंगणात विटांवर बसवलेली होती. रंग एकेकाळी निळा असावा. जिथं तिथं एम-सीलचे थर होते. झाडाच्या खोडावरची वर्तुळं मोजतात तसे ते मोजून मागचे मालक किती झाले ते सांगता आलं असतं. पावसाचं पाणी, ओल्या जाळ्याचं पाणी, लाटेनं कडेवरून उडालेलं पाणी, सगळं होडीच्या फरशीवर साचायचं आणि तिथंच राहायचं. मधल्या दहा फूट बाय चार फूट जागेत चार बोटं पाणी चढतं, असं साडूभाऊ म्हणाले. मी लगेच हिशोब मांडला. चार बोटं म्हणजे साडेसात सेंटिमीटर धरले तरी पावणेतीनशे लिटर. वजन पावणेतीनशे किलो. म्हणजे साडूभाऊ मासे धरायला एकटे जात नव्हते, आपल्यासारखे तीन साडू सोबत फुकट फिरवत होते.

मिस्त्रींनी होडीत चढून एक बादली पाणी ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं जातं ते पाहत राहिले. पाणी थोडं पुढं गेलं, थोडं डावीकडं गेलं आणि मधोमध थांबलं.

"बिनढाळाचं बांधकाम हाय हे," त्यांनी निकाल दिला. "मोरी कुठाय?"

मोरी होती, पण ती शोधावी लागली. मागच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक, त्याला खालून बेसिनला लावतात तसला सुरकुत्यांचा पाईप. ऊन खाऊन तो कधीच तडकलेला. फरशीवरचं जे थोडं पाणी त्या भोकात शिरायचं ते बाहेर न जाता फरशीखाली, होडीच्या पोटात उतरायचं. हा प्रकार वाईट. फरशीवरचं पाणी दिसतं, डब्यानं उपसता येतं. पोटातलं दिसत नाही. होडी नुसती महिन्यागणिक जड होत जाते आणि मालकाला वाटतं, आपलंच वय झालं.

मिस्त्रींनी ठरवलं: मागच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन इंचांची मोठी भोकं, त्यांतून सरळ मागच्या भिंतीच्या पार जाणारे जाड पाईप. एकच का नाही, असं साडूभाऊंनी विचारलं. होडी एका अंगाला कलली की वरच्या अंगाची मोरी कोरडी आणि खालच्या अंगाला तळं, म्हणून दोन. आणि दोन इंच का, हे मी सांगितलं: व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, पाणी चौपट वेगानं जातं. हे वाक्य म्हणताना मला भरून आलं. तीस वर्षं मी लातूर पॅटर्नच्या पोरांना हौदाची गणितं घातली. एक नळ हौद ६ तासांत भरतो, दुसरा ८ तासांत रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? पोरं २४ तास असं उत्तर काढायची आणि घरी जाऊन आठ दिवस नळाची वाट पाहायची. रिकामा करणारा नळ प्रत्यक्षात पाहायचा योग मला निवृत्तीनंतर आला.

ड्रिल लावलं आणि भोकातून भुसा येण्याऐवजी उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखा काळा लगदा आला. जुन्या फायबरच्या होडीत फरशी बऱ्याचदा नुसती फायबरची नसते; वर-खाली फायबर आणि मध्ये प्लायवूड. मागच्या एखाद्या मालकानं कुठं तरी स्क्रू मारला असणार आणि तिथून लाकूड पाणी पीत बसलेलं. म्हणून नुसतं भोक पाडून चालत नाही. भोक हवं त्यापेक्षा मोठं घ्यायचं, भोवतीचं कुजलेलं लाकूड कोरून काढायचं, वाळू द्यायचं, ती पोकळी रेझिननं भरायची आणि त्या घट्ट झालेल्या रेझिनमधून पुन्हा भोक पाडायचं. मग पाण्याला लाकूड दिसतच नाही. मिस्त्रींना हे चटकन पटलं. "खिडकीच्या चौकटीभोवती आपण सिमेंट भरतो, तसंच की."

पटलं, पण रेझिननं इंगा दाखवला. सिमेंट कसं मिस्त्रीची वाट पाहतं. एक विडी होईस्तोवर तरी थांबतं. रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट घातलं की ते कुणासाठी थांबत नाही, आणि नांदेडच्या ऑक्टोबरच्या उन्हात तर नाहीच. मिस्त्रींनी सवयीनं घमेलंभर कालवलं, ढवळता ढवळता मला माळवदाची एक आठवण सांगितली, आणि आठवण संपेपर्यंत घमेलं गरम होऊन काठीसकट दगड झालेलं. ते घमेलं आजही साडूभाऊंच्या अंगणात आहे, मधोमध काठी उभी. शेजारी त्याला तुळशीवृंदावनाचा आधुनिक प्रकार समजतात. पुढची खेप वाटीवाटीनं केली.

त्याआधी लाकूड वाळायला दोन दिवस लागले होते, तेव्हा गावात सचखंड गुरुद्वारात गेलो. लंगरमध्ये जेवलो. तिथं एक सेवेकरी रोज गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतो, त्याला घागरिया सिंग म्हणतात, हे ऐकून माझ्यातला लातूरकर नकळत हात जोडून उभा राहिला. मिस्त्री मात्र फरशी धुणाऱ्यांच्या मागे मागे फिरत होते. पाणी संगमरवरावरून एकसारखं कसं निथळतंय ते पाहून म्हणाले, "ह्याला म्हणतात ढाळ. माथा टेकावा असा."

तिसऱ्या दिवशी पाईप बसवले, वरून फायबरची चटई आणि रेझिन चढवलं. (समुद्रावर हे चालायचं नाही, तिथं जाड रबरी होज आणि दुहेरी क्लिपा लागतात.) अंगणात चाचणी झाली. दहा बादल्या ओतल्या, दहाही बादल्या बाहेर. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. होडी पाण्यात लोटली, इंजिन लावलं, साडूभाऊ मागच्या फळीवर बसले, आणि दोन्ही मोऱ्यांतून शंकर सागर आत यायला लागला.

मिस्त्रींनी ओळंबा काढून धरला. तो होडीसोबत डुलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या ओळंब्याचं उत्तर ठरत नव्हतं.

काठावर जाळं नीट करत बसलेले एक भोईमामा एवढा वेळ गप्प होते. आता म्हणाले, "कामून भोक पाडलं बा तिथं?"

"पाणी जायला."

"जाईल कसं? बाहेरचं पाणी वर हाय, तुमची फरशी खाली. घराच्या मोरीला बाहेर गटार खाली असतंय. हितं गटारच वर आलंय."

तीस वर्षांचं गणित आणि चाळीस वर्षांचं गवंडीकाम एका वाक्यात पाण्यात गेलं. मामांनी मग क्रम सांगितला, जो आम्ही उलटा केला होता. आधी होडी पाण्यात घालायची. इंजिन, बॅटरी, पेट्रोलचा कॅन, जाळं, माणसं, सगळं रोजच्यासारखं चढवायचं. मग बाहेरून पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण करायची. फरशी त्या खुणेच्या वर असली तरच मोरी पाडायची. खाली असली तर भोकाला हात लावायचा नाही, खड्डा करून पंप बसवायचा. खूण केली. साडूभाऊ मागं बसले की फरशी रेषेच्या बोटभर खाली, काठावर उतरले की दोन बोटं वर. म्हणजे होडीत दोष एकच होता, आणि त्याचं वजन ब्याण्णव किलो होतं.

बॅटरी आणि कॅन पुढं नाळेकडे सरकवले. मामांनी जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून मोऱ्यांवर बाहेरून झडपा लावल्या: आतलं पाणी ढकलून उघडतं, बाहेरचं दाबून बंद करतं. पण झडप पाणी अडवते, चढवत नाही. साडूभाऊ मागची जागा सोडायला तयार नव्हते. "होडी माझी, सुकाणू माझं." आत घोटाभर पाणी, झडपा मिटलेल्या, आणि सगळे रुसून बसलेले.

एवढ्यात माझा फोन वाजला. लातूरहून बायको. तिचा आवाज नेहमीच लाऊडस्पीकरला लाजवणारा, त्यात आनंदानं भरलेला: "अहो, पाणी आलं! पाणी आलं!"

साडूभाऊ जे उडाले ते थेट मधल्या फळीवर. मागची बाजू उचलली गेली, झडपा फडफडल्या आणि घोटाभर पाणी दोन्ही मोऱ्यांतून गटगट आवाज करत निघालं. तीन-चार मिनिटांत फरशी कोरडी. मिस्त्रींनी ओळंबा पिशवीत टाकला. तेव्हापासून सुकाणू भोईमामांचा किडकिडीत नातू धरतो, आणि साडूभाऊ मधल्या फळीवर बसून त्याला सूचना करतात.

परतीच्या बसला योगायोगानं तोच वाहक. पाईपाचा अडीच फुटी तुकडा मिस्त्रींनी मांडीवर घेतला होता. वाहकानं तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"आता बसतंय अर्ध्यात," तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.